पिंपळनेरचा भोंगा

मुलगी पाहायला जायला प्रकाशची ना नव्हती. त्याची अट एकच होती. ज्या घरी जायचं, त्या घरात तीस सालाच्या आधीचा टेलिफोन असला पाहिजे.

त्याच्या आईला, पानबाईंना, आधी ही थट्टा वाटली. मग चोपड्याची मुलगी हातची गेली, पाठोपाठ पाचोऱ्याची गेली, आणि अमळनेरची, जी मॅट्रिक पास होती आणि जिच्या हातच्या पापडाची दोन तालुक्यांत तारीफ होती, तीही गेली. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की पोरगा थट्टा करत नाहीये.

एकोणसत्तर साल चाललं होतं. प्रकाशचंद सव्वीस वर्षांचा झाला होता. बी.एस्सी. करून वडिलांच्या लोखंडी सामानाच्या दुकानात बसत होता. जळगावात बाजारपेठेत दुकान खाली आणि घर वर. मुलगा शांत, गिऱ्हाइकाशी गोड बोलणारा, सुपारीचंसुद्धा व्यसन नसलेला. खोट म्हणाल तर एकच, आणि ती माजघराच्या भिंतीवर टांगलेली होती.

तो आजोबांचा फोन होता. धरणगावला त्यांचं कापसाचं जिनिंग जोरात होतं तेव्हा, एकोणीसशे अकरा सालात, त्यांनी तो मुंबईहून मागवला होता आणि जिनिंगपासून घरापर्यंत स्वतःची तार ओढून घेतली होती. विलायती लाकडाची उभी पेटी, डोक्यावर दोन पितळी घंट्या, उजव्या अंगाला गरागरा फिरवायचा दांडा. पुढे आजोबा गेले, जिनिंग विकलं, आणि फोन गोणपाटात गुंडाळून माळ्यावर जाऊन पडला. प्रकाशने कॉलेजात असताना तो खाली काढला. तेव्हापासून घरात देवापाठोपाठ त्याचीच सेवा. घंट्या चिंचेने घासून झाल्या. आतल्या तारांना नवं रेशीम गुंडाळून झालं. दांड्याचं दातेरी चाक भुसावळच्या भंगारात दोन वर्षं शोधल्यावर सापडलं, त्या दिवशी त्याने आईकडून शिरा करवून घेतला. आता दोनच गोष्टी उरल्या होत्या. ज्यात बोलायचं तो काळा भोंगा, आणि कानाला लावायचा रिसीव्हर.

"टिनचा करून घे ना भोंगा," केवलचंद एकदा जेवताना म्हणाले. "आपल्या ओळखीचा पत्रेवाला आहे. नाहीतर पोस्टातल्या कुणाकडून जुना मिळव."

"पोस्टातले जुने म्हणजे पस्तीस-चाळीस सालचे, बाबूजी. त्यांचे आटेच जुळत नाहीत. आणि जुळले तरी अकरा सालच्या पेटीला पस्तीस सालचा भोंगा? आजोबांच्या फोटोत पगडीखाली कुणी बुशशर्ट रंगवला तर चालेल तुम्हाला?"

केवलचंदांनी मान हलवली आणि ताकाचा पेला उचलला. ते मुळातच कमी बोलणारे. मुलाने असा मुद्दा मांडला की आणखीच कमी बोलत.

माघ महिन्यात धुळ्याहून पानबाईंच्या नणंदेचं पत्र आलं. गल्ली नंबर चारमधले सुरेशचंद, किराण्याचा ठोक व्यापार, माणसं सालस. मुलगी धनकुंवर, एकवीस वर्षांची, अकरावी झालेली. पत्रिका जुळते. पानबाईंनी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. प्रकाश खाली मान घालून कानशीने काहीतरी घासत होता.

"फोन आहे का त्यांच्याकडे?" त्याने विचारलं.

पानबाईंच्या हातात लाटणं होतं. तव्यावर पोळी होती. आणि मनात ती अमळनेरची मुलगी होती, जिचं गेल्याच आठवड्यात दुसरीकडे ठरलं होतं.

"आहे," त्या म्हणाल्या.

कानशी थांबली. "कसा?"

"भिंतीवरचा. लाकडी."

"भोंगा आहे?"

"हा एवढा," पानबाईंनी लाटण्यासकट हात पसरून दाखवला, आणि पोळी करपली.

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं असंच होतं. बोलताना सोपं वाटतं, मग झोप उडते. पानबाईंनी मनातल्या मनात हिशेब मांडला की मुलगी एकदा समोर आली, की पोराला फोनची आठवणच राहणार नाही. सव्वीस वर्षांचा आहे, दगड तर नाही.

धुळ्याला जायच्या दिवशी दगडाने स्वतःहून दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि खिशात भिंग, छोटा पेचकस आणि रुमालात बांधलेली एक पितळी तबकडी घेतली. ती फोनचीच होती. भोंगा तिच्यात आट्यांवर बसतो. केवलचंद आले नाहीत. "आधी तुम्ही बघून या, मग मी बोलायला येतो," म्हणाले. एस.टी. एरंडोल, पारोळा करत निघाली. प्रकाश खिडकीशी बसून गुणगुणत होता. इतका खुशीत त्याला पानबाईंनी दिवाळीतही पाहिलं नव्हतं, आणि प्रत्येक मैलाच्या दगडागणिक त्यांचा जीव थोडा थोडा खाली जात होता.

सुरेशचंदांचं घर गल्लीच्या मधोमध होतं. माणूस गोरा, गोल, हसऱ्या तोंडाचा. त्याने दारापर्यंत येऊन हात जोडले, गादीवर लोड सरकवले, पाणी आलं, केशराचं दूध आलं. प्रकाश बसला खरा, पण त्याची नजर भिंतींवरून फिरायला लागली. एक भिंत झाली, दुसरी झाली. तिसऱ्या भिंतीवर तीर्थंकरांची तसबीर आणि किराणा व्यापाऱ्यांचं कॅलेंडर. चौथ्या भिंतीला त्याने मान इतकी वळवली की सुरेशचंदांना वाटलं याची मान लचकली असावी.

"काही हवं का?" त्यांनी विचारलं.

"फोन कुठे आहे?"

"हा काय!" सुरेशचंदांनी कौतुकाने कोपऱ्यातल्या स्टुलावरचा जाळीचा रुमाल उचलला. खाली काळा, चकचकीत, तबकडी फिरवायचा नवा फोन. "करा ना, करा. ट्रंककॉल आहे का? जळगावचा लावून घेऊ."

"हा नव्हे. जुना."

"जुना?"

"भिंतीवरचा. लाकडी. बाईंनी सांगितलं." आपल्या घरच्या रीतीप्रमाणे प्रकाश आईला 'बाई' म्हणत असे.

"जुना कुठला?" सुरेशचंद हसले. "आमच्याकडे फोनच गेल्या साली आला."

प्रकाशने आईकडे पाहिलं. पानबाईंनी दुधाच्या पेल्याकडे पाहिलं. त्या पेल्यात उडी मारता आली असती तर त्यांनी मारली असती. नेमक्या त्याच क्षणी धनकुंवर बशांचं तबक घेऊन दारात उभी होती. उंच, सावळी, डोक्यावरून पदर, आणि पदराखाली दोन अतिशय जागे डोळे. ते डोळे आधी प्रकाशकडे गेले, तिथून वडिलांकडे, आणि शेवटी पानबाईंच्या चेहऱ्यावर येऊन थांबले. सगळं प्रकरण तिला तिथे लिहिलेलं दिसलं असावं.

"आहे ना जुना, भाऊ," ती वडिलांना म्हणाली. "इथे नाही. पिंपळनेरला, मामांकडे. तुम्ही विसरलात."

"मामांकडे?"

"त्यांच्या वडिलांच्या लाकडाच्या वखारीतला. भिंतीवरचा."

तबक खाली ठेवून ती बाजूला बसली. पानबाईंना कळेना की हे खरं आहे, की मुलगी आपल्यासारखीच थाप मारते आहे. थाप असेल तर मुलगी गुणाची होती, एवढं मात्र त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

प्रकाश पुढे सरकला. "भोंगा होता त्याला?"

"होता. काळा. फोन मी कधी वाजताना पाहिला नाही. पण भोंगा पाहिलाय. मामी त्याने तेल ओतायची."

"तेल?"

"नरसाळं म्हणून. बरणीतून बाटलीत."

प्रकाशने डोळे मिटले आणि उघडले. "आटे होते का? निमुळत्या टोकाला?"

"होते की. बाहेरून. त्यांत तेलाचा मळ बसायचा. सुट्टीत गेले की ते काम माझ्याकडे असायचं, काडीला चिंधी गुंडाळून एकेक आटा साफ करायचा. पाच होते."

"पाच?"

"साडेपाच. शेवटचा अर्धाच होता."

त्या दिवशी तेव्हा कुठे प्रकाशने मुलीकडे पाहिलं. आणि पाहिलं ते असं पाहिलं, की सुरेशचंदांना खाकरावं लागलं.

मग पानबाई स्वयंपाकघर पाहायच्या निमित्ताने आत गेल्या आणि मुलीला हळूच म्हणाल्या, "खरं सांग बेटा. आहे का तसं काही?"

"भोंगा होता, अगदी शपथेवर," धनकुंवर म्हणाली. "आता आहे का ते माहीत नाही. मी शेवटचा पाहिला त्याला आठ वर्षं झाली. तुम्ही मात्र अगदीच हवेत सांगितलं होतं ना?"

"अगदीच हवेत," पानबाईंनी कबूल केलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मग आधी कोण हसलं ते कुणालाच सांगता आलं नसतं. बाहेर सुरेशचंदांना वाटलं, चला, स्वयंपाकघर पसंत पडलं.

त्यांना दुसऱ्या दिवशी तांदळाच्या सौद्यासाठी पिंपळनेरला जायचंच होतं. "सगळेच चला," ते म्हणाले. "मुलगी मामाला भेटेल, तुम्ही मुलीचं आजोळ बघाल, आणि जावई..." इथे त्यांनी जीभ चावली, "म्हणजे हे, यांचं काम होईल." त्या रात्री पाहुणे नणंदेकडे राहिले आणि सकाळी पहिल्या गाडीने सगळे साक्रीच्या रस्त्याला लागले.

गाडीत पानबाई आणि धनकुंवर एका बाकावर, सुरेशचंद आणि प्रकाश मागच्या. साक्री ओलांडली तसे पश्चिमेचे डोंगर जवळ आले. प्रकाश मधूनच पुढे वाकून विचारायचा, "कड जाड होती की पातळ?" आणि धनकुंवर मान न वळवता सांगायची, "जाड. आणि आत काहीतरी आकडे कोरलेले होते." सुरेशचंदांनी पानबाईंना खुणेनेच विचारलं, हे असंच चालतं का? पानबाईंनी खुणेनेच सांगितलं, असंच.

पिंपळनेरच्या मामी, धापूबाई, ओट्यावर धान्य निवडत बसल्या होत्या. चारचौघांना एकदम उतरलेलं पाहून त्यांनी सूप टाकलं आणि भाचीला मिठीत घेतलं. चहा झाला, चिवडा झाला. प्रकाशच्या मांडीचा हादरा जमिनीपर्यंत जाणवत होता. शेवटी धनकुंवरनेच विषय काढला.

"फोन? अगं तो केव्हाच गेला," धापूबाई म्हणाल्या. "पेटीचं लाकूड बंबात घातलं. छान जळायचं."

प्रकाशचा चेहरा पाहून पानबाईंनी हातातली चिवड्याची बशी खाली ठेवली. गेली चार वर्षं घरातल्या फोनला त्या सवत म्हणत आल्या होत्या. आता मात्र बंबात गेलेल्या त्या अनोळखी पेटीचं त्यांनाही वाईट वाटलं.

"आणि भोंगा, मामी?" धनकुंवरने विचारलं. "तेलाचा?"

"तो भागाबाईला दिला ना. मागच्या आळीतली, छगनची बायको. मी ॲल्युमिनियमचं नरसाळं घेतलं तेव्हा. तिला बैलासाठी हवा होता."

"बैलासाठी?" प्रकाश उठलाच.

भागाबाईंचं घर म्हणजे पुढे अंगण, अंगणात गोठा, आणि गोठ्याच्या दाराशी पांढराशुभ्र, पाठीला हात लावू न देणारा एक बैल. भागाबाई पन्नाशीच्या, काटक, कासोटा घातलेल्या. पाच पाहुणे अंगणात शिरताना पाहून त्या दचकल्या नाहीत.

"या वो माय, बठ्ठा या," त्या अहिराणीत सगळ्यांनाच म्हणाल्या. "उभा कसाले? बसा खाटवर. मना बैलले औषध पाजानं शे, तेवढं व्हई जाऊ द्या."

आणि त्यांनी कोनाड्यातून तो काढला.

काळा, रुंद तोंडाचा, निमुळता होत गेलेला. वर वाळलेल्या औषधाचे ओघळ होते, पण कड अखंड. भागाबाईंनी भोंग्याच्या निमुळत्या टोकाला बोटभर बांबूची नळी बसवली होती. त्यांनी बैलाची मान वर केली, नळी त्याच्या जबड्याच्या कडेला सारली आणि हाक मारली, "वो पोरी, धर जरासा!"

धनकुंवर पदर खोचून पुढे झाली आणि तिने दोन्ही हातांनी भोंगा धरला. भागाबाई तांब्यातून हिरवट काढा ओतायला लागल्या. बैलाने मान झटकली.

"दात!" प्रकाश ओरडला. "दात लावेल तो! एकोणीसशे अकरा!"

"काय म्हनस हाऊ?" भागाबाईंनी विचारलं.

"काही नाही, तुम्ही ओता," धनकुंवर म्हणाली. बैलाने पुन्हा झटका दिला. तिने एक हात काढून त्याच्या कपाळावर ठेवला आणि काहीतरी पुटपुटली. बैल थबकला आणि मोठ्ठा उसासा टाकून गटागटा औषध पिऊन गेला. तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत काढा ओघळला होता. प्रकाश खाटेवर बसला, उठला, पुन्हा बसला. पानबाई आयुष्यात इतक्या हसल्या नव्हत्या. पदराने डोळे पुसत त्या धापूबाईंच्या खांद्याला टेकल्या.

भोंगा धुऊन हातात आला तेव्हा प्रकाशने भिंग काढलं. आतल्या कडेला इंग्रजी आकडे होते, झिजलेले, पण वाचता येण्याजोगे. त्याने ते मोठ्याने वाचले, पेटीवरचे आकडे त्याला पाठ होतेच, आणि बनावट तीच निघाली. मग रुमाल सोडून त्याने पितळी तबकडी काढली. अंगणात सगळे पुढे सरकले. बैलसुद्धा रवंथ थांबवून बघत होता, असं सुरेशचंद नंतर कित्येकांना सांगत. प्रकाशने भोंग्याचं टोक तबकडीला लावलं आणि फिरवलं. एक आटा. दोन. तीन. मध्ये जरा अडलं. धनकुंवरने त्याच्या हातातून भोंगा घेतला, आपल्या पदराच्या टोकाने चौथ्या आट्यातलं काहीतरी काढलं आणि परत दिला. चार. पाच. आणि अर्धा. भोंगा बसला, असा बसला की जसा तिथेच वाढला असावा.

"मावशी, हा मला द्याल का?" प्रकाशने विचारलं. "मी तुम्हाला याच्याहून चांगलं..."

"हाऊ? नही रे भो!" भागाबाईंनी भोंगा त्याच्या हातातून काढूनच घेतला. "बठ्ठा नरसाळा पाही लिनात मी. पत्राना तोंडले लागस, काचना फुटस. हाऊ एकच शे, जो मना बैलले चालस."

प्रकाशने सांगून पाहिलं. धापूबाईंनी रदबदली केली. सुरेशचंदांनी दोन नवी पितळी नरसाळी कबूल केली. भागाबाई हसत हसत प्रत्येकाला नाही म्हणत होत्या. त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. त्या धनकुंवरकडे बघत होत्या, तिच्या हातावरच्या काढ्याकडे, आणि अजूनही तिच्याकडे मान करून उभ्या असलेल्या बैलाकडे. हा बैल गेल्या चार वर्षांत मालकिणीखेरीज कुणाच्या हाताला वळला नव्हता.

"हाई तुमनी सून शे का वो?" त्यांनी पानबाईंना विचारलं.

प्रश्न साधा होता. उत्तरही साधंच होतं की नाही, अजून काही ठरलेलं नाही. सुरेशचंदांनी आभाळाकडे पाहिलं. धनकुंवर हात पुसायला लागली. प्रकाश तोंड उघडं टाकून आईकडे बघत राहिला. पानबाईंनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. त्या दोघांपैकी कुणाच्याही चेहऱ्यावर नकार नव्हता, हे त्या पुढे जन्मभर सांगत राहिल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "माझी सून आहे."

"मग आधी सांगानं ना!" भागाबाई घरात गेल्या. बाहेर आल्या त्या हळदीकुंकवाची कोयरी आणि पिंपळनेरचा वासाचा तांदूळ घेऊन. त्यांनी धनकुंवरला खाटेवर बसवलं, कुंकू लावलं, भोंग्याच्या टोकाला तळहात लावून तो तांदळाने काठोकाठ भरला, आणि तसाच, भरलेला, तिच्या ओटीत ठेवला. "नवी नवरीले रिकामा हाते कशी धाडू? हाऊ तुना शे, माय. त्याना नही," आणि त्यांनी प्रकाशकडे बोट दाखवलं. "तुना."

"आणि बैलाचं काय?" धनकुंवरने विचारलं.

"बैलले काय, बांबूनी नळी शे. रडी जरा, मग पिई."

परतीच्या गाडीत बसण्याची व्यवस्था बदलली. सुरेशचंद आणि पानबाई पुढच्या बाकावर बसले आणि तिथी-मुहूर्ताचं बोलू लागले. मागच्या बाकावर काय चाललं होतं ते पानबाईंनी मुद्दाम ऐकलं नाही. थोडंसं कानावर आलं तेवढंच.

"जरा हातात द्या ना. फक्त बघतो."

"वैशाखात," धनकुंवर म्हणाली.

वैशाखात लग्न लागलं, धुळ्याला, गल्ली नंबर चारमध्ये मांडव घालून. तोवर ही गोष्ट दोन्ही जिल्ह्यांत फिरली होती, आणि फिरता फिरता तिला चार ठिकाणी चार शेपट्या फुटल्या होत्या. नवरदेवाला जुन्या फोनचे भाग लागतात, एवढं मात्र सगळ्यांना पक्कं कळलं होतं. त्यामुळे आहेराला तांब्या-पितळेची भांडी कमी आणि इतर वस्तू फार. ग्रामोफोनचे कर्णे तीन आले. मोटारीचा रबरी भोंगा आला, दाबला की बदकासारखा ओरडणारा. एका दूरच्या मावशींनी काळी गोल वस्तू म्हणून शिलाई मशीनचं चाक आणलं. प्रकाश प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होता, वस्तू उलटसुलट करून बघत होता, आणि नाही हो, हा नाही, पण किती सुंदर आहे, असं म्हणत होता. ते तो मनापासून म्हणत होता, म्हणून कुणाला वाईट वाटलं नाही.

पंगती उठत आल्या तेव्हा काठी टेकत एक सत्तरीचा माणूस मांडवात आला. अंगात धुतलेला सदरा, काखेत वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं. केवलचंद त्याला पाहून उठून उभे राहिले.

"जीवराम? जिनिंगमधले?"

"हो मालक. फिटर होतो." त्याने पुडकं प्रकाशच्या हातात दिलं. "हे तुमचंच आहे. तुमच्या आजोबांनी, आबासाहेबांनी, दुरुस्तीला दिलं होतं मला. दुरुस्त करून ठेवलं, आणि त्याच आठवड्यात आबासाहेब गेले. मग घरी दुःख, कसा येऊ? मग जिनिंग विकलं. मग लाज वाटायला लागली, की इतकी वर्षं काय करत होतास म्हणून विचारतील. परवा धरणगावात कळलं की तुम्ही शोधताय."

कागद सुटला. आत रिसीव्हर होता. लांबट, घंटेसारख्या तोंडाचा, कानाशी लागायची टोपी जागच्या जागी, आणि एरंडेल लावून लावून असा तुकतुकीत ठेवलेला, की जणू आज सकाळीच खाली ठेवला असावा. प्रकाशने मुंडावळ्या मागे सारल्या, रिसीव्हर कपाळाला लावला आणि जीवरामच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हातारा गडबडून गेला. पानबाईंनी त्याला स्वतःच्या हाताने वाढलं, आणि त्याने आढेवेढे न घेता चार बुंदीचे लाडू खाल्ले.

लग्नानंतर आठ-दहा दिवसांनी, जळगावात, फोन पुरा झाला. भोंगा धनकुंवरने स्वतः बसवला. माजघरापासून खाली दुकानापर्यंत तार ओढली गेली आणि दुकानात दुसरा एक फोन टांगला, पस्तीस सालचा, ज्याला प्रकाश फोन म्हणायलाही तयार नव्हता. बॅटऱ्या जोडल्या. प्रकाश खाली दुकानात गेला, धनकुंवर जिन्यात मध्यावर उभी राहिली, म्हणजे वरचं खाली आणि खालचं वर सांगता येईल. पानबाईंना रिसीव्हर धरून उभं केलं होतं. त्या म्हणत होत्या की मला काही बोलता यायचं नाही, सूनबाईला उभं करा. कुणी ऐकलं नाही.

घंटा वाजली. अठ्ठावन्न वर्षांपूर्वीच्या त्या घंट्या असा काही खणखणाट करून उठल्या की समोरच्या घराच्या खिडक्या उघडल्या. पानबाईंनी घाबरत रिसीव्हर कानाला लावला. आधी खरखर, मग कुणीतरी घसा साफ केला. प्रकाश नव्हता. केवलचंद होते, मुलाने त्यांनाच पुढे केलं होतं.

ते नेहमी 'ऐकलं का' म्हणत. तेहतीस वर्षं संसार केला, पण बायकोला हाक मारायची तर त्या घरच्या पुरुषांना तेवढंच ठाऊक होतं. पण आता समोर माणूस नव्हतं, नुसता काळा भोंगा होता, आणि ऐकतंय कोण हे विचारणं भाग होतं.

"हॅलो," केवलचंद म्हणाले. "पान? पानच आहे ना?"

जिन्यातून धनकुंवरने हाक दिली, "बाई, ऐकू येतंय का? खाली विचारतायत!"

पानबाईंचे कान तापले होते. त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि भोंग्याला ओठ टेकतील इतक्या जवळ गेल्या.

"नीट ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या. "पुन्हा म्हणा."